स्लो पंक्चरची बखर

तर मंडळी, या वीकांताचा विषय आहे हवा. म्हणजे चाकातली हवा. आणि तीसुद्धा फट्कन गेलेली नाही, तर रोज थोडी थोडी, कुणाला न सांगता जाणारी. जिला आपण 'स्लो पंक्चर' म्हणतो ती.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार तसा ओळखीचा आहे. सर्व्हर धाडकन पडला तर रात्री दोन वाजता सगळे उठतात, फोनाफोनी होते, आणि तासाभरात काहीतरी मार्ग निघतो. पण मेमरी लीक असेल तर? कुणी उठत नाही. दर आठवड्याला एक रीस्टार्ट मारायचा आणि पुढे चालायचं. वर्षानुवर्षं असे रीस्टार्ट मारून चाललेली प्रोजेक्टं मी पाहिलेली आहेत (नावं विचारू नका). दर सोमवारी पेट्रोल पंपावर जाऊन एकाच चाकात हवा भरणं हा त्याच जातीचा रीस्टार्ट. रबरी चाकाला आता एकशे ऐंशी वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला, पण चाकातली हवा काही पूर्ण थांबली नाही. का नाही थांबली, हे शोधायला बसलो आणि प्रकरण बरंच लांबत गेलं. ते हे.

माझं गाव सोनपेठ, जिल्हा परभणी. वाण नदीच्या काठी. गावात रेल्वे नाही, परळी नाहीतर गंगाखेड गाठायचं. त्यामुळे आमच्याकडे जे काय आलं-गेलं ते रस्त्यानं आणि चाकावरून. आणि शेकडो वर्षं हे चाक म्हणजे बैलगाडीचं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर गोल लाकडी पुठे, आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी पट्टी. त्या पट्टीला मराठीत फार सुंदर शब्द आहे: धाव. धाव लाल होईपर्यंत तापवायची, तशीच चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाक करकचून बांधलं जातं. सुतार आणि लोहार दोघांचं काम.

या चाकात हवा नाही, म्हणजे पंक्चरही नाही. पण म्हणून कटकट नव्हती असं समजू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं आणि घट्ट बसलेली धाव हळूहळू सैल होते. एका दिवसात नाही, महिना-दोन महिन्यांत. आधी चाक खुळखुळ वाजायला लागतं. मग कुणीतरी चाक काढून पाण्यात बुडवून ठेवतो, लाकूड फुगतं, धाव पुन्हा घट्ट. चार दिवसांनी परत तेच. म्हणजे रीस्टार्टची पद्धत आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती :)

आता जरा विलायतेत जाऊ. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. वय जेमतेम तेवीस. रबर चढवलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा आणि बाहेरून चामड्याचं कवच. घोडागाडीला ही चाकं लावून लंडनमध्ये प्रयोगही झाले. गाडी कमी आवाजात चालली आणि घोड्याला कमी ओढावी लागली, हे लोकांनी बघितलं. पण तेव्हा रबर महाग, रस्त्यावर मोटारी नाहीत, सायकलीही नाहीत. लोक बघून घरी गेले आणि विसरले. इतके विसरले की १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली आणि त्याला पेटंटसुद्धा मिळालं. दोनेक वर्षांनी कुणीतरी थॉमसनचं जुनं पेटंट उकरून काढलं, तेव्हा डनलॉपचं रद्द झालं. तोवर कंपनी चालू लागली होती, त्यामुळे नाव मात्र डनलॉपचंच झालं. असो.

माझ्या मते यात शोधापेक्षा दुरुस्तीची गोष्ट जास्त रंजक आहे. १८८९ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार आला. डनलॉप टायर पंक्चर झालेला. टायर रिमला चक्क चिकटवून टाकलेला असे, त्यामुळे तो सोडवून दुरुस्त करायला तीन तास लागले. परत चिकटवून रात्रभर वाळत ठेवला. सकाळी एदुआर मिशेलिन ती सायकल घेऊन फेरी मारायला निघाला आणि थोड्याच अंतरावर पुन्हा पंक्चर! दुसरा कुणी असता तर हवेचं चाक हा खुळचटपणा आहे म्हणून मोकळा झाला असता. एदुआरला दोन गोष्टी एकदम कळल्या. चाक भन्नाट आहे. आणि ते सामान्य माणसाला रस्त्याच्या कडेला उघडता आलं नाही तर ते निरुपयोगी आहे. १८९१ मध्ये मिशेलिनचा काढता-घालता येणारा टायर आला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ त्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही साधारण बाराशे किलोमीटरची शर्यत जिंकला.

पुढची गंमत तर ऐकाच. १८९२ मध्ये मिशेलिननं स्वतःच पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी शर्यत भरवली आणि रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकून ठेवले. हेतू असा की स्पर्धकांची चाकं पंक्चर व्हावीत आणि ती किती झटपट निघतात हे जगाला दिसावं. आपल्याकडे हायवेवर 'पंक्चरवालेच खिळे टाकतात' अशी कुजबुज नेहमी असते. ती खरी की खोटी देव जाणे, पण आयडियेचा मान फ्रान्सचा आहे हे नोंदवून ठेवा.

त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की तिथंच रस्त्यात बसायचं, टायर उपसायचा, ट्यूब काढायची. यावर तोडगा निघाला १९०४ मध्ये, वेल्समधल्या लानेथली गावात. डेव्हिस नावाच्या मंडळींनी हवा भरलेला टायर असलेली, आरे नसलेली एक रिम बनवली. पंक्चर झालेल्या चाकावर ती शिकंज्यानं आवळायची आणि घर गाठायचं. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव होतं स्टेपनी स्ट्रीट. हो, तीच आपली स्टेपनी! विलायतेत हा शब्द केव्हाच मागे पडला, तिकडे 'स्पेअर व्हील' म्हणतात. आपल्याकडे मात्र सोनपेठच्या टेम्पोवाल्यापासून मुंबईच्या टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे वेल्समधल्या एका गल्लीचं नाव रोज घेतात.

सोनपेठ तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, ते सप्टेंबर १९४८ पर्यंत. संस्थानात सरकारी बससेवा सुरू झाली जून १९३२ मध्ये, निजामाच्या रेल्वेच्याच रस्ते वाहतूक खात्याकडून, आणि तीही अवघ्या २७ बसवर. डनलॉपचा हुगळीकाठचा साहागंजचा कारखाना १९३६ चा, मिशेलिनच्या टायरनंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी आलेला. म्हणजे खेड्यापाड्यात हवेचं चाक पहिल्यांदा दिसलं ते बहुतेक ठिकाणी सायकलच्या रूपात, आणि सायकलबरोबरच स्लो पंक्चरही आलं.

आजोबांच्या सायकलला दर तीन-चार दिवसांनी हवा मारावी लागे, हे मी घरात लहानपणापासून ऐकतोय. रस्ता खराब, बाभळीचे काटे, ही कारणं तर होतीच. पण पंक्चर नसलं तरी हवा जायची. याला दोन कारणं. पहिलं म्हणजे सायकलचा व्हॉल्व्ह. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना जो असतो तो डनलॉप किंवा वूड्स व्हॉल्व्ह. त्याच्या धातूच्या नळीला बारीक भोक, आणि त्यावर चढवलेली मऊ रबरी नळी. तिलाच आपण व्हॉल्व्हट्यूब म्हणतो. आत येणारी हवा रबर ढकलून येते, बाहेर जाऊ पाहणारी हवा रबर दाबून स्वतःचीच वाट बंद करते. कल्पना झकास आहे, पण उन्हानं ते रबर चिकट होतं, चिरतं, आणि गळती सुरू. मोटारीला जो व्हॉल्व्ह असतो तो वेगळा, ऑगस्ट श्रेडरच्या नावाचा, १८९० च्या दशकातला. त्यात स्प्रिंगवर बसलेली बारीकशी पिन असते. सव्वाशे वर्षं झाली, ही पिन मुळात बदललेली नाही. आमच्या क्षेत्रात कुठलं इंटरफेस इतकी वर्षं टिकलं असेल तर मला जरूर सांगा.

दुसरं कारण म्हणजे रबर स्वतःच. वाढदिवसाला फुगे फुगवतो, ते दोन दिवसांनी मलूल होऊन भिंतीला लोंबतात. गाठ सुटलेली नसते, भोकही नसतं. रबराच्या लांबलचक साखळ्या सारख्या हलत-डुलत असतात आणि त्यांच्या फटींतून हवेचे रेणू एकेक करून निसटतात. नैसर्गिक रबराच्या ट्यूबचं अगदी हेच होतं. म्हणजे आजोबांची ट्यूब धड होती, तरीही ती सगळ्या अंगानं गळत होती!

यावरचा उपाय निघाला १९३७ मध्ये अमेरिकेत. स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी खनिज तेलापासून ब्यूटाइल रबर बनवलं. याच्या साखळ्या इतक्या गच्च आणि सुस्त की हवेला सरकायला जागाच मिळत नाही. नैसर्गिक रबरापेक्षा साधारण आठ-दहा पट कमी हवा यातून पाझरते. १९४२ मध्ये जपाननं मलाया घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचं बहुतेक रबर एका फटक्यात गेलं. त्या टंचाईनं ब्यूटाइलचा कारखाना घाईघाईनं उभा करायला लावला, आणि युद्धानंतर ट्यूब म्हणजे ब्यूटाइल हे समीकरण होऊन बसलं. आज तुमच्या ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला जो काळा गुळगुळीत थर असतो तो ब्यूटाइलच्याच घराण्यातला. तरीही महिन्याला एक-दोन पीएसआय जातातच. हे पंक्चर नाही, हा रबराचा स्वभाव आहे.

आता परत सोनपेठला. कारण हवेच्या चाकाची आमच्या भागातली खरी गोष्ट मोटारीची नाहीच. ती आहे टायरगाडीची.

बैलगाडीला रबरी टायर लावावा ही कल्पना जुनी आहे. टायर कंपन्यांच्या यादीत आजही 'एडीव्ही', म्हणजे जनावरानं ओढायच्या वाहनाचा टायर, असा वेगळा प्रकार असतो. १९७० च्या दशकात बंगळूरच्या आयआयएमचे संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारायचा ध्यासच घेतला होता. लोखंडी धावेनं डांबरी रस्ता उखडतो, बैलाच्या मानेवर भार येतो, ओढायला जास्त जोर लागतो, हे ते जन्मभर सांगत राहिले. पण सामान्य शेतकऱ्यानं टायरगाडी घेतली नाही, आणि मला विचाराल तर त्याचं बरोबर होतं. वर्षातले थोडेच दिवस चालणाऱ्या गाडीत एवढा पैसा कशाला घालायचा? आणि धाव सैल झाली तर गावात लोहार आहे. पंक्चर झालं तर शिवारात कोण आहे?

टायरगाडीचा हिशेब जमला तो साखर कारखान्यांना. आमचा पट्टा ऊसतोडीचा, आणि त्याहून जास्त ऊसतोड्यांचा. सोनपेठ तालुक्यात सायखेड्याला आता साखर कारखाना आहे, पण बीड-परभणीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या दिवाळीनंतर बैलं-बाडबिस्तरा घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जात आली आहेत. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता', आणि गाडी असलेल्यांना कारखान्याची टायरगाडी. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री कारखान्याच्या रांगेत उभं राहायचं. मजुरी टनावर. या गाड्या रोज चालतात, डांबरी रस्त्यावर चालतात आणि दोन-अडीच टन ओझं घेऊन चालतात. लाकडी चाकाला हे झेपणारं नाही.

आमच्या गल्लीत एक म्हातारबा आहेत, त्यांनी अशी पंचवीस-तीस वर्षं गाडी हाकली. गेल्या दिवाळीत मी त्यांना मुद्दाम विचारलं, की मामा, चाकात हवा कमी आहे हे तुम्हाला कसं कळायचं? माझ्या डोक्यात प्रेशर गेज. ते म्हणाले, "आरं लेकरा, आपल्याला कळायच्या आधी बैलाला कळतंय. गाडी एका अंगाला वढायला लागली, जू तिरपं झालं, की समजायचं चाक बसायलंय."

मग म्हणाले, "फुटलेलं बरं व्हतं. फुटलं की उतरायचं, काढायचं. हळूहळू बसणारं लई वंगाळ. आता जाईल, मंग जाईल करत बैल मरूस्तोर वढतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. यात इंजिनिअरिंगही पक्कं आहे. टायर मऊ असला की दर फेऱ्याला त्याची बाजू चेपते आणि परत फुगते. या चेपण्या-फुगण्यात ताकद खर्च होते आणि ती उष्णतेच्या रूपात वाया जाते. मोटारीत ही ताकद पेट्रोल देतं, आपल्याला बिलातसुद्धा धड कळत नाही. टायरगाडीत ती बैल देतो. त्यात आणखी एक मेख आहे. उसाच्या काळ्या रानात हवा जरा कमी असलेली चांगली, टायर पसरतो आणि रुतत नाही. डांबरीवर मात्र हवा टणक हवी. गाडीवानाला एकाच खेपेत रानही असतं आणि डांबरही, आणि जवळ पंप नसतो. मी विचारलं, पंक्चरचा खर्च कोण देत असे? मामा हसले. "आमीच की. खेप बुडली तीबी आमचीच." उचल फेडायची ती टनांत, आणि टन पोचतात चाकावर. त्यामुळे व्हॉल्व्हमधून निसटणाऱ्या हवेचा भाव त्यांना माझ्यापेक्षा फार चांगला ठाऊक होता. आता ट्रॅक्टर वाढलेत, टायरगाड्या कमी होत चालल्यात, पण हंगामात रस्त्यावर त्यांच्या रांगा अजून दिसतात.

इकडे मोटारींच्या जगात १९४६ ते १९५२ या काळात एक वेगळंच वळण आलं. गुडरिच कंपनीच्या फ्रँक हेर्झेगनं ट्यूबच काढून टाकली. टायर थेट रिमवर इतका घट्ट बसवायचा की तिथून हवा जाणार नाही, आणि आतून ब्यूटाइलचा थर. १९५२ ला पेटंट मिळालं, १९५५ पर्यंत अमेरिकेतल्या नव्या मोटारींना ट्यूबलेस टायर सर्रास आले. आपल्याकडे ते रुळायला पुढचं शतक उजाडलं.

ट्यूबलेसचा मोठा फायदा कोणता? खिळा घुसला तरी चाक एकदम बसत नाही. ट्यूबला भोक पडलं की ती ताणलेली असल्यानं फाटत जाते आणि हवा फस्स होते. ट्यूबलेसमध्ये रबर खिळ्यालाच मिठी मारून बसतं, आणि हवा कडेकडेनं जात राहते. पंक्चर म्हणजे पूर्वी एक घटना होती. ट्यूबलेसनं तिची प्रक्रिया करून टाकली. जीव वाचले हे खरंच, पण स्लो पंक्चर पाळून हिंडणाऱ्या गाड्यांची संख्याही वाढली. शिवाय हवा जायला एक नवी जागा तयार झाली, टायर आणि रिमचा सांधा. आधी तिथे ट्यूब होती, म्हणून तो सांधा गळका असला तरी चालून जायचं.

हे सगळं मला पुस्तकी वाटत राहिलं असतं, पण माझ्याच गाडीचं मागचं डावं चाक गेल्या वर्षी याच दुखण्यानं पछाडलं. पुण्यातल्या एका चकचकीत दुकानात 'टायर जुना झालाय, बदलून टाका' असा सल्ला मिळाला. मी शंकेखोर माणूस. सहा आठवडे दर शनिवारी सकाळी गाडी हलवायच्या आधी चारही चाकांची हवा मोजली आणि एक्सेलमध्ये टाकली. (बायकोच्या मते हा लेखातला सर्वात खरा भाग आहे.) थंड टायर मोजणं महत्त्वाचं, कारण गाडी चालवून आल्यावर हवा तापते आणि आकडा खोटा वाढतो. तीन चाकं महिन्याला जेमतेम दीड पीएसआय सोडत होती. हे चौथं आठवड्याला पाच.

आकडे हातात आले की अर्धं निदान घरबसल्या होतं. चारही चाकं सारखीच उतरली तर बहुतेक वेळा दोष हवामानाचा. परभणीकडच्यांना हे खास सांगायला हवं. मे महिन्यात दुपारी ४० अंशांवर ३३ पीएसआय भरलेली हवा डिसेंबरातल्या पहाटे ८ अंशांवर मोजली, तर एक थेंबही न गळता ती २८ च्या आसपास भरते. आणि परभणीचा पारा हिवाळ्यात किती खाली जातो हे दरवर्षी पेपरात वाचतोच आपण. एकच चाक उतरत असेल आणि एका रात्रीत पाच-सात पीएसआय जात असतील, तर खिळा नाहीतर फसलेलं जुनं पंक्चर. आणि माझ्यासारखं दर आठवड्याला ठरावीक, इमानदारीत जात असेल, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा रिमवर.

गावी गेलो तेव्हा सोनपेठच्या एका पंक्चरवाल्याकडे चाक नेलं. त्यानं आधी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवली. बुडबुडा नाही, म्हणजे पिन ठीक. मग व्हॉल्व्हचा रबरी बुंधा वाकवून बघितला, तिथे भेग असली तर ती सरळ उभी असताना दिसत नाही. तीही नाही. मग चाक पाण्याच्या टाकीत घातलं आणि चक्क बिडी पेटवून बसला. मी विचारलं, दिसलं का काही? "दादा, पाणी थांबू द्या आधी." पाण्याचं हलणं बंद झालं, चाक घातल्यानं चिकटलेले बुडबुडे निघून गेले आणि मग आतल्या कडेला, रिमच्या सांध्यातून, ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. घरी येऊन हिशेब केला. तीस-पस्तीस लिटरच्या टायरमधून आठवड्याला पाच पीएसआय जायला ज्वारीएवढा एक बुडबुडा दर दोन सेकंदांनी पुरतो. आठवड्याला एकच पीएसआय जात असेल तर हाच बुडबुडा आठ-दहा सेकंदांनी येणार. घाईत चाक बुचकळून काढणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. बिडी हा या उपकरणाचा भाग आहे.

टॉमी घालून टायर उतरवला तर अलॉय रिमच्या कडेला ॲल्युमिनियमचा पांढरा भुरा आणि त्यात घट्ट बसलेली आमची काळी माती. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून त्यानं कड चकचकीत केली, सांध्याला चिकट लेप लावला आणि टायर परत चढवला. शेजारी एका ट्रॉलीच्या ट्यूबला गरम पंक्चर चाललं होतं. शिकंज्यात कच्च्या रबराचा तुकडा दाबून खालून उष्णता. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक घातलेलं रबर तापवून पक्कं केलं, त्याचीच ही पत्र्याच्या शेडमधली आवृत्ती. आणि हो, खिळ्याचं पंक्चर असेल तर बाहेरून काडी मारून घेणं तात्पुरतं ठीक, पण लांबच्या प्रवासाआधी टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. आत कुठवर चिरलंय ते बाहेरून दिसत नाही. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर मात्र पंक्चर काढू नका, कुणी कितीही छातीठोक सांगू दे. ती जागा दर फेऱ्याला वाकते, पॅच टिकत नाही.

एवढी चिकित्सा कशासाठी, असं वाटत असेल तर २००० सालचं अमेरिकेतलं फायरस्टोन प्रकरण आठवा. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे टायर वेगात असताना सोलून निघायला लागले. कंपनीनं साठ-पासष्ट लाख टायर परत मागवले, आणि अमेरिकी सरकारी मोजणीनुसार २७१ माणसं गेली. टायरच्या बनावटीतले दोष होतेच, पण कमी हवा, त्यामुळे वाढलेली उष्णता आणि वेग हेही कारणांच्या यादीत होते. त्यातूनच अमेरिकेत कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांना हवा कमी झाल्याचं सांगणारी टीपीएमएस यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे पूर्वी असा वेग गाठायला रस्तेच नव्हते. आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालाय. जालन्याला त्यावर चढलं की मोटारींना १२० ची मर्यादा आणि खाली तापलेलं काँक्रीट. गल्लीत २४ पीएसआयवर निवांत फिरणारं चाक तिथे तासाभरात आतून भाजून निघतं. तिथे जू तिरपं झाल्याचं सांगायला बैल नाही.

टीपीएमएस आहे की, असं कुणी म्हणेल. तिचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो आणि तो खरा दाब सांगतो. दुसऱ्यात सेन्सर नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेरे घेतं, ते एबीएसच्या मोजणीवरून ओळखायचं. स्वस्त आणि हुशार, पण ही यंत्रणा मुळात चाकांची एकमेकांशी तुलना करते. हिवाळ्यात चारही चाकं मिळून उतरली तर साध्या प्रकाराला त्यात काही वावगं दिसत नाही. नायट्रोजन भरा म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर घ्या, पण रिम गळकी असेल तर तोही त्याच वाटेनं जाणार.

आणि १९०४ च्या त्या स्टेपनीचं काय झालं? जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर काढायचं किट असेल तर जादा चाक देण्याची सक्ती ऑक्टोबरपासून उरली नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांच्या डिकीत आता चाकाच्या जागी सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. खिळ्याच्या बारीक भोकाला ते चालतं. बाजू फाटली तर चालत नाही, आणि माझ्या चाकासारख्या गळक्या सांध्याला त्याचा भरवसा धरता येत नाही. वर आत सगळीकडे तो चिकट रस पसरून बसतो आणि पुढे धड पॅच लावायचा तर आधी तो सगळा पुसून काढावा लागतो. सोनपेठचा आमचा गडी अशी गाडी आली की टायरला हात लावायच्या आधी विचारून घेतो, "दादा, आत लिक्विड हाय का? मंग धुवायचे पैशे येगळे."